अर्थिंगची पहार

बाभळ पडली रविवारी संध्याकाळच्या वादळात, आणि सांडूचा अंगठा मोडला सोमवारी सकाळी.

झाड सांडूच्या बांधावरचं. त्याच्या बापानं राखलेलं, एका माणसाच्या कवेत न मावणारं. पण पडताना झाडानं मालक कोण ते पाहिलं नाही. बुडखा सांडूच्या बांधावर राहिला आणि बाकीचा सगळा पसारा चुलतभाऊ कडुबाच्या नांगरून ठेवलेल्या रानात जाऊन आडवा झाला. सांडू कुऱ्हाड घेऊन गेला, तर कडुबा आधीच तिथं फांद्या तोडत होता.

"माझ्या रानात पडलं ते माझं," कडुबा म्हणाला.

"मंग उद्या माझा बैल तुझ्या रानात बसला, तर त्यो बी तुझा का?"

प्रश्न बरोबर होता. पण भावकीत बरोबर प्रश्नाला उत्तर मिळत नाही, टोला मिळतो. दोघं एकाच फांदीला झोंबले. सांडूनं कडुबाच्या तोंडावर गुद्दा हाणला, कडुबाचा ओठ फाटला, आणि मग कडुबाच्या कुऱ्हाडीचा तुंबा, पात्यामागची बोथट बाजू, सांडूच्या उजव्या अंगठ्यावर आला. लाकडावर मारत होतो, चुकला, असं कडुबा आजही सांगतो. कुऱ्हाड चालवण्यात सगळं आयुष्य गेलेल्या माणसाचा घाव असा चुकत नसतो.

सांडूची बायको वच्छलाबाई भाकरी घेऊन पोचली तेव्हा नवरा बांधावर बसून एका हाताच्या मुठीत दुसऱ्या हाताचा अंगठा धरून होता, आणि कडुबा चार पावलांवर रक्त थुंकत उभा होता. तिनं भाकरीचं फडकं फाडून अंगठा बांधला. बांधताना दुखलं म्हणून सांडूनं शिवी दिली ती मात्र तिला.

दुपारी भावकीतले म्हातारे बन्सीतात्या येऊन बसले. त्यांनी झाड पाहिलं, अंगठा पाहिला, ओठ पाहिला आणि निकाल दिला. झाड सांडूचं. पण रान कडुबाचं, आणि त्याला पेरणीआधी रान मोकळं पाहिजे. तेव्हा सांडूनं अमावास्येला दिवस मावळेपर्यंत झाड तोडून उचलावं. दिवस मावळल्यावर जे उरेल ते कडुबाचं.

"सात दिवस हायेत," बन्सीतात्या म्हणाले. "दोन हातांच्या मानसाला लई झाले."

आता सांडूला दोन हात कुठं होते? कडुबा फाटक्या ओठानं हसला, तेव्हा सगळ्यांच्या ते ध्यानात आलं. पण निकाल फिरवायचा म्हणजे म्हाताऱ्याचा शब्द फिरवायचा. ते कोणी केलं नाही.

सांडूनं मजूर शोधले. गावात कुऱ्हाड धरणारे पाच-सहा जण, पण भावाभावाच्या भांडणात कोणाला पाय घालायचा नव्हता. संघपाल तेवढा खरं बोलला. "दादा, तुमचं झाड तोडाया आलो आन् कडुबानं माझा बी अंगठा मोडला, तर माझी लेकरं काय खातील?" पेट्रोलची मशीन भाड्यानं चालवणारा इंद्रजीत शेजारच्या गावात होता. त्यानं आधी हो म्हटलं आणि नंतर फोन उचलणंच बंद केलं. कडुबा त्याला भेटून आला होता.

सरपण म्हणाल तर घरात गॅस होता. पण भाकरी चुलीवर, आंघोळीचं पाणी चुलीवर, आणि बाभळीच्या लाकडासारखं जळण दुसरं नाही. तरी खरं सांगायचं तर सांडूला आता लाकूड नको होतं. कडुबा त्याच्या बापाचं झाड बैलगाडीत घालून त्याच्या दारावरून नेणार, हे त्याला बघायचं नव्हतं. त्यानं तीन दिवस डाव्या हातानं कुऱ्हाड मारून पाहिली. कोवळ्या फांद्या निघाल्या, खोडाला नुसता ओरखडा उठला.

गुरुवारी सकाळी तो म्हणाला, "मशीन आनू."

"कसली?"

"झाड कापायची. आपलीच. कोनाच्या पाया पडायचं कामच नाय."

गंगापूरला जीप, तिथून एसटी, असं करत दोघं शहरात पोचले. हाताला फडकं बांधलेल्या नवऱ्याला गर्दीत कोणाचा धक्का लागू नये म्हणून वच्छलाबाई पुढं चालत होती. उस्मानपुऱ्यात फारूखभाईंचं मशिनरीचं दुकान होतं. फवारणीचे पंप, पाण्याच्या मोटरी, भिंतीवर टांगलेल्या करवती. फारूखभाई पन्नाशीचे, पांढऱ्या दाढीचे, चष्मा कपाळावर चढवून बोलणारे.

"रोजचं काम है का कभी-कभारचं?" त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला.

"एक झाड पाडायचंय. पडलेलंच हाय. मंग वरसातून एखादं सरपन," सांडू म्हणाला.

"मग भारी मशीन घेऊन पैसा कशाला बुडवता? हे बघा." त्यांनी तीन मशिनी काउंटरवर मांडल्या. एक बॅटरीची, खेळण्यासारखी हलकी. "हे फांदीचं काम करंल. बाभळीच्या खोडाला दात लावंल आन् झोपंल." दुसरी पेट्रोलची, नारिंगी. "हे रानात, जंगलात, कुठंबी चालतं. पेट्रोलमधी ऑइल मिसळायचं, दोरी ओढायची, बस्स." तिसरी विजेवरची, सोळा इंची पात्याची, पेट्रोलवालीच्या निम्म्या किमतीची. "आन् हे बिजलीचं. सस्तं है, चांगलं है, पण त्याची एक अट है. ती नंतर सांगतो."

सांडूला पेट्रोलची आवडली. फारूखभाईंनी ती जमिनीवर ठेवली, पायानं दाबून धरायला शिकवली आणि दोरीची मूठ त्याच्या हातात दिली. सांडूनं ओढली. मोडक्या अंगठ्याच्या हातानं मूठ धरवेना, डाव्या हातानं झटका बसेना. दोरी वीतभर येऊन परत आत गेली. दुसऱ्यांदा ओढली. तिसऱ्यांदा ओढली तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता आणि दुकानातली दोन गिऱ्हाइकं आपलं काम सोडून बघत होती.

"भाभी, तुम्ही बघा बरं," फारूखभाई सहज म्हणाले. "घरात एकाला जरी जमलं तरी बस्स है."

वच्छलाबाईनं सांडूकडं पाहिलं. मग पदर खोचला, मशिनीवर पाय दिला आणि विहिरीतून बादली ओढावी तशी दोरी ओढली. मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं. दुकानभर धूर झाला. एक गिऱ्हाईक टाळी वाजवून हसलं आणि म्हणालं, "मामा, आता तुम्ही भाकरी थापा!"

हसला नाही तो एकटा सांडू. त्यानं मशीन बंद करायला लावलं.

"बिजलीचं द्या," तो म्हणाला.

"भाई, अट ऐका आधी. ह्याला घरची सिंगल फेज लाईन पाहिजे. शेतातल्या मोटरीच्या लाईनीवर लावायचं नाही. तुमच्याकडं लोक एक फेज घेतात आन् दुसरी तार जमिनीत गाडतात, मला मालूम है. तसं करू नका. माणूस जातो."

"झाड घरापाशीच हाय," सांडू म्हणाला.

झाड घरापासून दीड किलोमीटरवर होतं. वच्छलाबाईनं तोंड उघडलं. सांडूनं तिच्याकडं असं पाहिलं की तिनं ते मिटलं. पुढं गावात सांडू सगळ्यांना सांगायचा, की पेट्रोलचं महाग होतं म्हणून सोडलं. त्याला स्वतःलाही ते हळूहळू खरं वाटायला लागलं असावं. परत येताना गंगापूरपर्यंत आणि गंगापूरपासून घरापर्यंत तो बायकोकडं पाठ करून बसला. मशिनीचा खोका मात्र त्यानं मांडीवरून खाली ठेवला नाही.

शुक्रवारी दहाला शेतीची लाईट आली. त्या आठवड्यात लाईट दिवसाची होती, सहापर्यंत. सांडूनं विहिरीवरच्या मोटरीच्या पेटीतून एक फेज घेतला आणि जुन्या वायरी जोडत जोडत बांधापर्यंत आणला. दुसरी तार कुठं जोडायची? घरची लोखंडी पहार होती. कडुबा आपल्या रानात एक खुंटीही ठोकू देणार नव्हता, म्हणून सांडूनं बांधाच्या अलीकडं, स्वतःच्या हद्दीत, पहार लाकडी मोगरीनं ठोकून जमिनीत हातभर घातली आणि तिला तार गुंडाळली. हीच अर्थिंग. त्या शिवारात निम्मे लोक खळ्यावरचा दिवा असाच लावतात. पण दिवा वेगळा आणि लाकडाला भिडणारं मशीन वेगळं.

मशीन चाललं. पण रडत चाललं. साखळी लाकडात शिरली की आवाज बसायचा.

"अर्थिंग कोरडी हाय," सांडू ओरडला. "पानी वत! मीठ टाक आन् पानी वत!"

हे वच्छलाबाईचं काम ठरलं. टाक्यातून घागर भरायची, पहारीच्या बुडाशी ओतायची, परत टाक्याकडं जायचं. उन्हानं तापलेली माती घागरभर पाणी एका दमात पिऊन टाकायची. पाणी ओतलं की मशिनीचा आवाज चढायचा, भुसा उडायचा, सांडूचा चेहरा उजळायचा. पाणी आटलं की आवाज उतरायचा आणि शिवी यायची.

कडुबानं आपल्या लिंबाखाली बाज टाकली होती. तो दिवसभर तिथं पडून बघायचा. मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावायचा. अधूनमधून म्हणायचा, "चालू द्या, चालू द्या. अमावास्या लांब हाय."

चौथ्या की पाचव्या घागरीला वच्छलाबाईच्या तळव्यातून सुया शिरल्यासारखं झालं आणि पोटऱ्या एकदम आखडल्या. तिच्या हातातून घागर पडली. वहाणा तिनं चिखल नको म्हणून काढून ठेवल्या होत्या. ती मागं सरली, थांबली, परत पाऊल टाकलं. परत तेच, या वेळी गुडघ्यापर्यंत.

"अहो! पहारंत करंट हाय!"

सांडूनं मशिनीचा खटका सोडला. मशीन थांबलं. तो तरातरा आला, वाकला आणि डाव्या हातानं पहार गच्च धरली. एकदा, दोनदा हलवून दाखवली.

"कुठंय करंट?"

तिच्या पोटऱ्या अजून थरथरत होत्या आणि नवरा पहार धरून उभा होता, त्याला काही झालं नव्हतं.

"कामाचा कंटाळा आला असंल तर तसं सांग," तो म्हणाला आणि तिच्या कानाखाली वाजवली. बाजेवर कडुबा उठून बसला. मार बसला याचं वच्छलाबाईला जेवढं वाटलं, त्याहून जास्त कडुबानं पाहिलं याचं वाटलं.

सांडू काही रोज मारणारा नव्हता. गावाच्या हिशोबानं तो चांगल्या नवऱ्यांतच मोडायचा. पण दुकानात ती दोरी ओढली गेल्यापासून त्याच्या हाताला काहीतरी झालं होतं, आणि ते फडक्याखालच्या अंगठ्याचं दुखणं नव्हतं.

शनिवारी तिनं वहाणा घातल्या आणि लांबून, हात पुढं करून पाणी ओतायला लागली. तरी एखाद्या वेळी ओल्या मातीवर पाय पडला की मुंग्या यायच्या. ती बघत राहिली. बाईमाणसाला वायरमनकी कोणी शिकवत नाही, पण अंगाला लागलं की अंग शिकतं. दुपारपर्यंत तिला एवढं कळलं, की मशीन चालू असलं की पहारीत करंट असतो आणि मशीन थांबलं की नसतो. म्हणूनच नवऱ्याला तो लागत नव्हता. तो येताना खटका सोडूनच यायचा.

तेवढ्यात कडुबाचं पिवळं कुत्रं ओलाव्याला आलं. पहारीपाशी नाक नेलं आणि असं केकाटलं की सगळ्या शिवारानं ऐकलं. उलटंपालटं होत ते पळालं ते बाजेखाली जाऊन बसलं.

"बघितलं का?" वच्छलाबाई ओरडली. "आता तरी बघितलं का?"

सांडूनं खटका सोडला, आला, पहार धरली. गार लोखंड. "कुत्र्याला काटा रुतला असंल. सगळीकडं बाभळीचे काटेच हायेत."

"अहो, मशीन चालू असल्यावरच येतो करंट. मशीन बंद करून कामून बघता? चालू ठिवून हात लावा, मंग कळंल."

सांडूनं पहार सोडली. "म्हंजे मी चालू करंटला हात लावावा? मी मेलो म्हंजे बरं?"

"तसं नाय हो."

"मंग कसं?"

खरं सांगायचं तर तिच्या बोलण्याचा अर्थ तोच होत होता. त्यानं तिला एक ठेवून दिली, आणि ती बोलायला लागली म्हणून दुसरी. लिंबाखालून कडुबा ओरडला, "दादा, अंगठा सांभाळून रे!"

संध्याकाळी तिनं आरशात पाहिलं नाही. भाकरी थापताना तव्याच्या धगीनं गाल चुरचुरत होता. सांडू ओसरीवर बसून मशिनीच्या साखळीला जळकं ऑइल लावत होता आणि मध्येच म्हणाला, "उद्याच्याला होतंय बघ. खोडाचे तीन तुकडे ऱ्हायलेत." आवाज मऊ होता. तो तिला बातमी देत होता, दोघांचंच काही चांगलं चालल्यासारखी. तिनं भाकरी उलटली. तिला त्या मऊ आवाजाचाच जास्त राग आला.

रविवारी अमावास्या. सकाळपासून वारा पडलेला. सांडूचा अंगठा रात्रीत सुजून काळानिळा झाला होता, खटका दाबून धरवत नव्हता. दोन काप घेतले की हात सुटायचा, मशीन थांबायचं. मग त्यानं सायकलच्या फाटक्या ट्यूबची पट्टी कापली आणि खटक्यावर आवळून बांधली. आता खटका दाबून धरायची गरज नव्हती. मशीन आपलं आपण चालत राहायचं.

"अहो, ते सुटत नाय मंग," वच्छलाबाई म्हणाली.

"सुटूच नये म्हनून तर बांधलंय."

बारापर्यंत एक तुकडा झाला. सगळ्या शिवाराच्या मोटरी चालू होत्या आणि लाईटीत दम नव्हता. दोनला दुसरा तुकडा सुटला. तिसरा सगळ्यात जाड, बुडख्याजवळचा. साखळी निम्म्यात जाऊन घुमायला लागली, लाकडातून धूर निघाला. दिवस कलायला लागला तसा कडुबा बाजेवरून उठला, बांधाला आला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. त्याची बैलगाडीसुद्धा जुंपून तयार होती.

"पानी!" सांडू ओरडला.

तिनं ओतलं.

"पानी वत, रांडं!"

तिनं घागर मोकळी केली, मीठ टाकलं, परत पळत जाऊन आणली. मशीन नुसतं कण्हत होतं. सांडूनं ते लाकडातून ओढून काढलं आणि मातीवर टाकलं. ट्यूबनं बांधलेलं मशीन तसंच फिरत राहिलं, ढेकळं उडवत. तो वच्छलाबाईकडं आला. वहाणा बघितल्या आणि त्याला काय झालं कुणास ठाऊक.

"सायबिनी, वहाना घालून लांबून पानी वतते, म्हनून मुरत नाय!" त्यानं तोंडावर मारलं. कडुबाच्या डोळ्यांपुढं, बैलांच्या डोळ्यांपुढं.

"ही जागाच भिकार हाय," तो म्हणाला. "पहार उपटतो आन् तिकडं टाक्यापाशी ओलीत ठोकतो."

वच्छलाबाईच्या कानात गुणगुण चालू होती. तिला आधी वाटलं की ती चपराकीची. मग तिनं मशिनीकडं पाहिलं. साखळी फिरत होती.

"हात लावू नका! मशीन चालू हाय! अहो, मशीन चालू हाय!"

तिनं त्याचा दंड धरला. त्यानं तिला झिडकारून गालात आणखी एक दिली, ती कोरड्या ढेकळांत जाऊन पडली. सांडूनं दोन्ही तळहातांवर थुंकून घेतलं, जन्मभर कुऱ्हाड-कुदळ धरायच्या आधी थुंकायचा तसंच. मोडका अंगठा बाजूला काढून त्यानं पहार धरली आणि जोर लावला.

आधी त्याचा आवाज आला. शब्द नव्हता तो. पहार मातीत सैल झाली आणि फिरणारं मशीन एकदम गप्प झालं. मातीत मुरणारा करंट आता सगळा त्याच्या अंगातून जात होता. सांडू वाकलेला तसाच राहिला. हात पहारीला चिकटलेले, मानेच्या शिरा वर आलेल्या, दात आवळलेले, अनवाणी पाय ओल्या मातीवर तडतडत होते. थुंकी लावलेल्या हातातून जळल्याचा वास आला.

कडुबा बांधावर उभा होता. त्याचं तोंड उघडं होतं, पाय मात्र हलले नाहीत.

वच्छलाबाई उठली. मोटरीची पेटी लांब होती, तिथं जाऊन येईपर्यंत काही उरणार नव्हतं. तिनं मोगरी उचलली. वाळलेलं लाकूड, पायात रबरी वहाणा. ओल्या मातीच्या कडेला उभं राहून तिनं सगळ्या अंगाची ताकद लावून त्याच्या मनगटांवर मोगरी घातली. हाड मोडल्याचा आवाज तिला हातातून कळला. सांडू पहारीवरून सुटला आणि उताणा पडला. छाती वर-खाली झाली. डोळे फिरले आणि मग जागेवर आले. त्यानं तिच्याकडं पाहिलं.

आता मोगरी टाकून द्यायची होती. नवरा जिता होता, सुटला होता, काम झालं होतं. वच्छलाबाईनं मोगरी टाकली नाही. तीन दिवस ती सांगत होती. तीन दिवस तिच्या पायांत सुया शिरत होत्या आणि हा माणूस गार पहार धरून तिला खोटं पाडत होता. तिनं मोगरी उचलली आणि त्याच्या खांद्यावर घातली. तो कुशीवर वळला, तेव्हा पाठीत घातली. त्याच्या तोंडून हवा निघाली तशी तिला बरं वाटलं. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"वहिनी! जीव घेता का त्याचा?" आता कुठं कडुबाला वाचा फुटली.

ती वळली. पदर सुटलेला, गाल सुजलेला, हातात मोगरी. "ये ना," ती म्हणाली. "तू बी ये. त्याचा अंगठा लई सोपा व्हता, व्हय? ये आता."

कडुबा आला नाही. तो जरासा मागं सरला आणि बैलांच्या कासऱ्याला उगीच हात लावला.

"जा, मोटरीची पेटी बंद कर," ती म्हणाली. "आन् जीपवाल्या गोकुळला फोन लाव. जीप घेऊन यायला सांग."

आणि कडुबा गेला. ज्या भावाशी सात दिवस वैर केलं त्याच्याच विहिरीवर तो धावत गेला, पेटी बंद केली, गोकुळला फोन केला. जीप येईपर्यंत दिवस मावळला. तिसरा तुकडा निम्मा कापलेला तिथंच होता. बन्सीतात्यांच्या निकालानं तो आता कडुबाचा झाला होता. पण त्या वेळी त्याच्याकडं कोणी पाहिलं नाही.

गंगापूरच्या दवाखान्यात डॉक्टर मुबश्शिरा ड्यूटीवर होत्या. वय तिशीच्या आतलं, बोलणं थोडक्यात. त्यांनी सांडूच्या छातीची ईसीजीची पट्टी काढली, भाजलेले तळवे साफ केले, डावं मनगट कच्च्या प्लास्टरमध्ये घातलं आणि शर्ट वर करून पाठ पाहिली. पाठीवर आणि खांद्यावर दोन लांब काळेनिळे वळ उठले होते.

"करंटनं तळवे भाजतात. मनगट कशानं मोडलं?"

"मी मोगरी मारली," वच्छलाबाई म्हणाली. "पहारंला चिकटले व्हते."

"बरोबर केलंत. तुमच्यामुळं वाचले हे." डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. "आणि हे पाठीवर?"

सांडू म्हणाला, "पडलो मी."

"पडून असे वळ येत नाहीत."

"ते बी मीच मारले," वच्छलाबाई म्हणाली. "पयल्या दनक्यात सुटले व्हते. ते त्यांच्यासाठी. हे दोन माझे."

डॉक्टरीणबाईंचा पेन थांबला. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, तिच्या गालाकडं पाहिलं, मग सांडूकडं वळल्या. "काका, मारहाण असेल तर मला पोलिसांना कळवावं लागतं. तुमचं काय म्हणणं आहे?"

भिंतीकडं बघत सांडू म्हणाला, "पहारंत करंट व्हता. ती सांगत व्हती मला. मी हात लावून बघितला, मला काय लागला नाय. मला वाटलं, खोटं बोलती."

"म्हणून मारलंत तिला?"

"व्हय."

"किती वेळा?"

"मोजलं नाय."

"मी मोजलंय," वच्छलाबाई म्हणाली. "पाच. दोनच परत दिल्यात."

डॉक्टरीणबाई तिच्या गालाला लावायला औषधाचा कापूस आणायला गेल्या. खोलीत एकच पलंग होता, बसायला दुसरं काही नव्हतं. सांडूनं हळूहळू पाय पोटाशी ओढून घेतले आणि पायथ्याशी तिला टेकायला जागा करून दिली.

ती उभीच राहिली.